नाक लावलेली कुंडी

चाकांच्या बॅगेचा खडखडाट पायऱ्यांवरून चढत आला की अजूनही माझा हात कामात थबकतो. लिस्बनमधल्या आमच्या अल्फामा वस्तीत बोटीवरून उतरलेली माणसं अशीच ओळखू येतात... उन्हाने नाक सोललेलं आणि मागे ती खडखडणारी बॅग.

संत अंतोनीच्या सणाचा आदला दिवस होता. मी देओलिंदा मावशीबरोबर दारात मांजेरिकूच्या कुंड्या विकत बसले होते. मांजेरिकू म्हणजे तुळशीचं धाकटं भावंड — गोल, गच्च, बारीक पानांचं. या सणाला ते आपल्या आवडत्या माणसाला द्यायचं. वास मात्र हाताने घ्यायचा. पानांवरून तळवा फिरवायचा आणि तळवा हुंगायचा. थेट नाक लावलं की झुडूप मरतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

आणि बॅग ओढत आलेला हा उंचच उंच गडी वाकला... त्याने नाक सरळ पानांत खुपसलं.

“मारलंस की रे बाबा,” मावशी म्हणाली. “आता ते तुझंच.”

“माफी असावी, बाईसाहेब. आम्हांस ठाऊक नव्हतं.”

मला हसू आवरेना. दिसायला परदेशी, पण आमची भाषा बोलत होता डोंगरातल्या म्हाताऱ्यांसारखी. नाव ऑरेलिओ. आईबाप लक्झेंबर्गला कामाला गेलेले, हा तिथेच जन्मला आणि भाषा आजीकडून शिकला. मित्रांबरोबर बोटीने भूमध्य समुद्र फिरून आला होता. संध्याकाळी सगळ्यांचं परतीचं विमान होतं. मित्र खरेदीला पांगले होते, पण याला आजीचं टाकं बघायचं होतं. आजी तरुणपणी लिस्बनला एका घरी कामाला होती, तेव्हा त्या टाक्यावर कपडे धुवायची.

“सेलेस्ते, तूच ने त्याला,” मावशी मला म्हणाली. “नाहीतर आणखी कुठे नाक खुपसेल.”

बॅग मावशीच्या खुर्चीमागे राहिली आणि कुंडी त्याच्या काखेत. ट्रामने जाऊ म्हटलं, तर तो कळवळला. तिकडे लक्झेंबर्गला तो ट्रामच चालवतो. सुट्टीत तरी ट्राम नको म्हणाला. मग चालत निघालो. डोक्यावर रंगीत कागदाच्या माळा, दारोदारी पेटलेल्या शेगड्या, डोळ्यांत भाजत्या सार्डीन मासळीचा धूर. पावावरचा मासा खाताना त्याच्या हनुवटीवर तेल ओघळलं आणि मी ते माझ्या रुमालाने पुसलं. का पुसलं, ते आजही सांगता येणार नाही... हात आपोआप गेला.

टाकं सापडलं. दोन बायका चादरी घासत होत्या. ऑरेलिओने बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवले आणि तसेच धरून ठेवले.

“आजी म्हणते, इथलं पाणी उन्हाळ्यातही हाडापर्यंत गार लागतं,” तो शेवटी म्हणाला. “खोटं नाही बोलत म्हातारी.”

त्याचे डोळे भरले होते. मी तिथेच त्याच्या प्रेमात पडले, उगाच आडपडदा कशाला ठेवू.

परतताना त्याची पावलं मंदावली. माझीही.

“हे विमानात कसं नेऊ?” त्याने कुंडी पुढे केली. “तुम्ही सांभाळाल?”

“तुम्ही नाक लावलंय. आठवड्यात जाईल.”

“आणि नाही गेलं तर? पुढच्या सणापर्यंत जगलं, तर... मी बघायला येईन.”

“कुंडी बघायला?”

“कुंडी कुणाच्या खिडकीत आहे, ते बघायला.”

माझा चेहरा तापला. मांजेरिकू हिवाळा बघत नाही. नाक लावा नाहीतर जिवापाड जपा, ते मरतंच. लिस्बनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला वाटत होतं, गुलाबासारखं ते वर्षानुवर्षं टिकतं. मी सांगायला तोंड उघडलं — आणि मिटलं. सांगितलं असतं तर त्याचं येणंही तिथेच संपलं असतं. फोन नंबर त्याने मागितला नाही, मीही दिला नाही. एवढा सुंदर वायदा झाल्यावर नंबर मागायचा कसा?

पानगळीत झुडूप वाळलं. मावशी म्हणाली, दरवर्षीच वाळतं की गं, यंदाच रडू कसलं? मी बी झाडून घेतलं आणि वसंतात त्याच कुंडीत पेरलं. सणापर्यंत ते हुबेहूब तसंच गोल झालं. कुणालाही फसवता आलं असतं.

त्या दिवशी मी सकाळपासून चाकांच्या आवाजाला मान वर करत होते. तो आला तेव्हा मात्र आवाज झालाच नाही. खांद्याला साधी पिशवी अडकवून तो खिडकीतल्या कुंडीपाशी उभा होता.

“जगलं बघा” असं म्हणायचं मी कितीदा घोकलं होतं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. “हे ते नाही. ते मेलं... हे त्याच्या बियांचं.”

“ठाऊक आहे. आजीला सांगितलं, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, गाढवा, ते दरवर्षी मरतं.”

“मग आलात कशाला?”

“ती म्हणाली, लिस्बनच्या पोरीला हे ठाऊक नसेल, असं व्हायचं नाही. ठाऊक असून ती गप्प राहिली ना? मग जा.”

त्याने पानांवरून हळूच तळवा फिरवला. अगदी रीतीप्रमाणे. पण स्वतः हुंगला नाही — तो तळवा त्याने माझ्यासमोर धरला, आणि मी मात्र त्यात सरळ नाक खुपसलं.