जाळीचे बारा तुकडे

“काय पाहिजे, अक्का?”

“जाळीचं कापड. वीत-वीत लांबीचे बारा तुकडे.”

दाजीबानपेठेतल्या घाऊक दुकानात एवढं थोडं कापड कुणी मागत नसे. गल्ल्यावरच्या पांडुरंगने मान वर केली. बाहेर पाऊस होता. मालावर पाणी ठिबकू नये म्हणून तिने छत्री पायरीवरच ठेवली होती.

“उंदरांना मच्छरदाणी शिवताय काय?”

“साबणाला पिशव्या. उघडा ठेवला की कावळे पळवतात.”

तो हसला. ती हसली नाही.

ती सरिता, अळनावरजवळच्या वाडीतली अंगणवाडी सेविका. वाडीत नळ नव्हता. मुलांना हात धुवायला तिने दोन मेढी रोवून आडव्या काठीला पाण्याचा कॅन टांगला होता. खालच्या दांडक्यावर पाय दिला की दोरी ओढली जाई, कॅन कलंडे, भोकातून बारीक धार लागे. शेजारी साबण. असे आणखी अकरा कॅन वाडीत उभे करायचे होते.

पांडुरंगने तुकडे कापून दिले. “बघायला येऊ?”

“या की. कोण अडवलंय?”

“मग... अक्का म्हटलेलं मागे घेतो.”

ती छत्री उघडून निघून गेली. पण रविवारी तो आला, तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

त्याने दांडक्यावर जोरात पाय दिला. सगळं पाणी पँटवर.

“हळू! सायकल नाही ती.”

पुढचे तीन रविवार तो मेढी रोवायला आला. वाडीला समजायचं ते समजलं. चौथ्या रविवारी सरिता म्हणाली, “पुढच्या रविवारी नका येऊ. मला बघायला खानापूरचे पाहुणे येणार आहेत.”

तो दोरीची गाठ आवळत राहिला. “तुम्हाला पसंत आहे?”

“मला कोण विचारलंय?”

“मी विचारतोय.”

तिने दोरीचं दुसरं टोक धरलं. मग हळूच — “शनिवारी या. आईंना घेऊन.”

शनिवारी पांडुरंगबरोबर त्याची आई, वत्सलाबाई, आल्या. दोन दिवस त्या मुलाशी बोलल्या नव्हत्या. सरिताचे वडील, नागोजी, जमिनीकडे बघत म्हणाले, “आम्ही रोजगाराला जाणारी माणसं, अक्का. तुमची पेठ...”

“मलाही तेच वाटत होतं,” वत्सलाबाई म्हणाल्या. “पण हा ऐकेना. आता मुलीलाच विचारा.”

नागोजींनी लेकीकडे पाहिलं. लग्नाबद्दल घरात तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“अप्पा,” सरिता म्हणाली, “खानापूरला फोन करा... उद्या येऊ नका म्हणावं.”