उजव्या होडीतली कमान

कंदील तिथंच राहू दे, वीज काही इतक्यात येत नाही. तोवर सांगतो.

मी सुतार माणूस. फैजपुरात आमचं दुकान. बैलगाड्या, वखर, केळीच्या ट्रकांच्या फळ्या, हेच आमचं काम. होडी आमच्या घराण्यात कुणी केली नव्हती, आणि मला तर पोहताही येत नाही. सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर रुपचंद नानांचा निरोप आला, की खळ्यातल्या गोदामाच्या दाराचा अडसर मोडलाय, तेवढा बसवून जा. नाना नौदलातून निवृत्त होऊन गावी आलेले, एकटेच. मी गेलो, अडसर बसवला आणि आत पाहिलं, तर ती पडलेली.

आधी मला वाटलं, दोन होड्या आहेत. लांबच लांब, निमुळत्या, माणूस आत बसेल एवढंही पोट नाही. मग दिसलं, की दोन्ही आडव्या दांड्यांनी जोडलेल्या आहेत आणि मधे जाळी ताणलेली आहे. मला हसू आलं.

"नाना, ही तं बैलजोडी झाली. गाडी कोठी हाये?"

"कॅटामरान म्हणतात हिला. शर्यतीची बोट," नाना म्हणाले. "मुंबईला वीस वर्षं पडून होती. केळीचा ट्रक रिकामा परत येत होता, त्यात टाकून आणली. हिला उभी करायची, सुकदेव. हतनूर धरणाच्या पाण्यात सोडायची."

त्यांनी काम नीट समजावून दिलं. डावी होडी दुरुस्त करायची. उजवी मात्र नवी बांधायची आणि जुनीचा तुकडान् तुकडा जाळायचा. एक ढलपीसुद्धा ठेवायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. कारण विचारलं तर म्हणाले, कुजली आहे.

कुजली नव्हती. जन्म लाकडात गेला माझा, मला एवढं कळत नाही होय? आतल्या कमानी, म्हणजे होडीच्या बरगड्याच म्हण, अस्सल सागाच्या होत्या. नख रुतत नव्हतं. आणि आमच्या आबांची शिकवण अशी, की जुनी गाडी मोडून नवी केली, तर जुनीचं एक तरी लाकूड नवीत घालायचं, म्हणजे बैल बुजत नाहीत. मी बांधलेल्या प्रत्येक गाडीत ते आहे. बोटीला बैल नसतात हे मलाही कळत होतं, पण हात ऐकेना. बाकी सगळं नानांच्या डोळ्यांदेखत जाळलं आणि एक कमान गुपचूप उजव्या होडीच्या मधोमध बसवून वरून प्लायवूड चिकटवून टाकलं. वर आपण फार शहाणपणा केला असंही वाटलं.

जानेवारी सरत आला तेव्हा बोट तयार झाली. ह्या बोटीवर दोन माणसं लागतात. एक सुकाणू धरतो. दुसरा कमरेला पट्टा बांधतो, डोलकाठीवरून आलेली तार त्या पट्ट्याच्या आकड्यात अडकवतो आणि होडीच्या काठावर टाचा रोवून पाण्यावर आडवा लटकतो. वाऱ्यानं बोट कलंडायला लागली, की ह्याच्या वजनानं ती सावरते. लटकायला नानांनी निवडला माझा भाऊ, छगन. चोवीस वर्षांचा, भरल्या तापीत पोहणारा, आणि भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मला मूलबाळ नाही, जे काय आहे ते तोच. तो पाण्यात उतरला, की मी काठावर श्वास घ्यायचा विसरायचो.

शनिवारी बोट धरणाच्या काठी नेली. जुन्या टायरांवर ठेवली, डोलकाठी उभी केली. रविवारी सकाळी छगन येणार होता. नाना तंबूत चहा ठेवत होते आणि मी उजव्या होडीच्या काठाला व्हार्निशचा शेवटचा हात मारत होतो. सूर्य बुडाला. तार डोलकाठीवर आपटत होती. टिक... टिक... मग वारा पडला. पाण्यावर एक लहर उरली नाही. टिकटिक मात्र चालूच. मी मान वर केली आणि ती थांबली.

सैल लोंबणारी तार हळूहळू सरळ झाली. डोलकाठीपासून बाहेर, माझ्या खांद्यावरून, तिरपी ताणली गेली. तिचं खालचं टोक हवेत स्थिर. उजवी होडी टायरात करकरत दबली आणि डावी वीतभर वर आली. व्हार्निशचा वास मागे पडून ओल्या दोराचा वास यायला लागला. आणि माझ्या ब्रशच्या शेजारी, ओल्या व्हार्निशमध्ये, दोन टाचा उमटल्या. आधी एक. मग दुसरी.

"नाना..." मी हाक मारली. "नाना..."

नाना कप घेऊन आले. त्यांनी तार पाहिली, टाचा पाहिल्या. ते घाबरले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आत काय ठेवलंस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"कमान... एकच."

नाना वाळूवर बसले. कप बाजूला ठेवला.

"झुलाल," ते म्हणाले. "साक्रीचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. मी सुकाणूवर, तो तारेवर. शर्यतीत बोट उलटली. त्याच्या पट्ट्याचा आकडा सुटेना. मी जाळीखाली अडकलो होतो... त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर आलो, सुकदेव. हे आजवर कुणाला सांगितलं नाही."

मी करवत उचलली. "फोडतो मी. आत्ताच काढतो."

नानांनी होडीवर हात ठेवला. "राहू दे. वीस वर्षांनी आलाय."

"अन् माहा छगन? त्याच जागी लटकेल तो?"

"झुलाल काही करणार नाही छगनला... त्याला शर्यत पुरी करायची असेल."

"असेल?" मी ओरडलो. "छगन येनार नाही. तुमी जा अन् तुमचा झुलाल!"

मिळेल त्या ट्रकनं घरी आलो. सकाळी उजाडायच्या आत खोलीच्या दारात ठाण मांडून बसलो. त्या खोलीला दार एकच, खिडकी नाही.

"दादा, मले जाऊ दे नं," छगन म्हणाला. "नाना वाट पाहून राहिले."

"नाही म्हनलं नं एकदा."

"काहून पन?"

"माही आन हाये तुले."

माझ्या शपथेपुढं तो कधी गेला नाही. फुरंगटून खाटेवर पडला आणि डोक्यावरून गोधडी ओढली. मी जागचा हललो नाही. बायकोनं चहा आणला तो तिथंच बसून प्यायलो. गोधडी श्वासागणिक वरखाली होत होती आणि ती बघून मला धीर येत होता.

दुपारी नाना आले. केस अजून ओले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"शेवटी पाठवलास ना भावाला! काय लटकला रे, एक शब्द शिकवावा लागला नाही. बोट काठाला लागली आणि हा कुठं पळाला कोण जाणे. पाठ थोपटायला आलोय त्याची."

मी उठून उभा राहिलो. "नाना, छगन घरीच हाये. मी पहाटपासून दारात बसेल हाये."

नानांचं हसू ओठांवरच राहिलं. "मी बोललो त्याच्याशी... चेहरा छगनचाच होता."

आम्ही आत गेलो. मी गोधडी उचलली. छगन गाढ झोपला होता. केसांच्या जटा झाल्या होत्या आणि भुवया, पापण्या, मान, सगळीकडे पांढरे बारीक कण वाळून बसले होते. मी त्याच्या भुवईवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ. तापीचं पाणी गोडं, धरणाचंही गोडंच, आणि समुद्र तर आमच्या छगननं जन्मात पाहिलेला नाही.

तो उठला तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. भूक लागली म्हणाला. मी त्याला विहिरीवर नेऊन बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि पंच्यानं खसखसून पुसला. नानांनी त्याच दिवशी बोट स्वतःच्या हातानं जाळली, कमानीसकट. मी राख होईपर्यंत उभा राहिलो. दिवेलागणीला घरी आलो, तर बायको अंगणात वाळलेला पंचा हातात धरून उभी. त्याची घडी पडत नव्हती. मिठानं फळीसारखा ताठ झाला होता.

छगन बरा आहे. लग्न झालं, दोन मुली आहेत. पाण्याच्या वाटेला जात नाही. पण आमच्याकडे आजही त्याचा पंचा वेगळा धुतात, आणि रोज वाळला, की आधी दगडावर आपटून घेतात.