रेंजचा खडक

निकिता राजूरच्या बाजारात एका दुधाच्या टेम्पोच्या टपावर चढून निरोप पोचवणारी छोटी डबी बसवत होती. खालून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, गाडी माझी हाय... उतरायचं भाडं पडंल."

तो कल्याण.

डोंगरातल्या वाड्यांना मोबाईलची रेंज नव्हती. निकिताचा अभ्यास त्यावरच होता. फोनवर लिहिलेला निरोप गाडीवरच्या डबीत जाई, आणि दोन गाड्या जवळून गेल्या की एका डबीतून दुसरीत. गाड्या फिरत, निरोप पुढे सरकत. डबी एका जागी ठेवली, की मात्र डोंगराआड ती एकटीच.

कल्याण रोज विचारायचा, आज कुणाला भेटली तुमची डबी? ती म्हणायची, डबीलाच विचार... आणि नजर चुकवायची.

मग घरच्यांनी तिला बघायला उद्या पाहुणे बोलावले. सकाळी टेम्पोच्या खिडकीशी तिने कसंबसं सांगितलं – तुझं जे असेल ते दिवेलागणीआधी कळव. नाहीतर वडिलांना, आबांना अडवायला माझ्याकडे काही उरणार नाही.

दुपारपासून ती घराच्या ओट्यावर डबी घेऊन बसली. जीप आली, डबी वाजली – छबूबाईंच्या शेळीचं औषध. एसटी आली – भाताच्या रोपांची चौकशी. त्याचं काहीच नाही. लिहिलंच नसेल? की लिहून पुसलं?

टेम्पोही आला नव्हता... म्हणजे तो थांबलाय कुठेतरी!

तिने डबी पिशवीत टाकली, स्कूटी काढली. त्याच्या वाडीच्या फाट्याला दुसरी गाडी जातच नसे. ऊन उतरत होतं, धुकं दाटत होतं. चढावर पिशवीतली डबी वाजली. स्कूटी थांबवून तिने फोन पाहिला.

"पाव्हन्यांना न्हाई म्हना. मी येतो."

पुढच्या वळणावर, थोडीशी रेंज सापडते म्हणून वाडीतले सगळे फोन लावायला जिथे उभे राहत त्या खडकावर, तो डबी उंच धरून उभा होता. धुक्याने चिंब, ताठ.

"येतो म्हणालास आणि उभाच राहिलास?"

"हितं हाललं की रेंज जाती, मॅडम. आज टावर बंद, म्हनून गाडीवरची डबी काढून धरली... भ्यानं शिंकलोबी न्हाई."

"अरे, ही डबी चालणाऱ्याची आहे."

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "पोचला का पन... निकिता?"

पहिल्यांदाच नावाने. तिने मान खाली घातली.

"मला पोचला. आबांना पोचायचाय अजून. गाडी काढ."