गारेगार यंत्र

"आजोबा, पाणी प्यायलात का?"

आजोबांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "पाणी दिलं की चादरी ओल्या होतात म्हणे. म्हणून दुपारी बंद!"

टिटवीचं डोकंच फिरलं! सुट्टीत ती आपल्या मावसभावाला, छोट्या बोक्याला घेऊन रोज आजोबांना भेटायला वृद्धाश्रमात यायची. आजोबांची खोली सगळ्यात वर, डोक्यावर नुसता पत्रा. खिडक्या बंद, का तर कण्हणं खाली ऐकू जायला नको! शेजारच्या खाटेवरचे मास्तर एरवी पोरांच्या वाक्यावाक्यात चुका काढायचे. आज ते भिंतीकडे तोंड करून गप्प होते.

"झोपलेत," बोका कुजबुजला.

दोघं पाणी मागायला खाली व्यवस्थापकांकडे गेली. तिथे मात्र एसीनं हुडहुडी भरत होती! व्यवस्थापकांच्या कपाळावर केसांचा ऐटबाज कोंबडा, म्हणून पोरं त्यांना कोंबडासाहेब म्हणायची. एसीच्या अगदी खाली एक पांढरी डबी टांगलेली होती.

"हे काय हो?" टिटवीनं विचारलं.

"आरोग्य खात्याचं यंत्र. उष्णतेच्या लाटेचा इशारा आहे ना! आत किती तापलं ते हे आपोआप खात्याला कळवतं. आकडा चढला, की खात्याची माणसं लगेच गाड्या घेऊन हजर!"

"मग गारठ्यात का टांगलंय?"

"नसती झेंगटं कोण ओढवून घेणार? पिकली पानं, गळायचीच! चला, पळा!"

बाहेर आल्यावर टिटवीनं बोक्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बोक्याचे डोळे लकाकले. तो दारातूनच ओरडला, "साहेब, फाटकावर टीव्हीवाले आलेत! तुम्हालाच विचारतायत!"

"मला? अरे, कंगवा कुठाय माझा?" कोंबडा सावरत साहेब धावले.

टिटवीनं डबी काढली आणि जिन्यावरून जी धूम ठोकली, ती थेट आजोबांच्या खाटेपाशी! पत्र्याखाली आकडा भराभर चढू लागला. थोड्याच वेळात खाली भोंगे वाजले.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई वर आल्या आणि दारातच थबकल्या. "खिडक्या उघडा! पाणी आणा! सगळ्यांना साहेबांच्या खोलीत हलवा!"

मग त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. बराच वेळ धरला. हळूच खाली ठेवला.

"वय झालं होतं हो त्यांचं," कोंबडासाहेब पुटपुटले.

"वयानं नाही गेले. तुम्ही भाजलंत त्यांना!" बाई कडाडल्या. त्यांनी साहेबांना बाहेर उन्हात उभं केलं आणि पोलिसांना फोन लावला.

खाली एसीत आजोबा घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी टिटवीच्या पाठीवर हात ठेवला. "नाव काढलंस, पोरी!"

"शाब्बास रे वाघांनो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नसता, तर आणखी किती जण गेले असते कोण जाणे!"

टिटवीला हसता येईना. जिन्यावरून स्ट्रेचर उतरत होतं. बोका तिकडे धावला.

"अहो काका, मास्तरांच्या तोंडावरची चादर काढा ना! किती उकडत असेल त्यांना!"

टिटवीनं त्याला घट्ट जवळ ओढलं. चादर कुणीच काढली नाही.