हरीण तर केव्हाच मेलं होतं

हे बघा, आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, कुणी फॉरवर्ड केलेली नाही. माझ्या सख्ख्या चुलत भावाच्या, उमैरभाईच्या समोर घडलेली आहे. म्हसळ्याला आमच्या पडवीत बसून त्याने मला सांगितली, आणि सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला.

आणि रात्र-बित्र काही नव्हती.

जानेवारी महिना. जुम्म्याचा दिवस. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज होऊन गेलेली. चक्क ऊन होतं.

जागा... रियाधच्या बाहेर, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे. उमैरभाईच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो तिकडे आहे त्या मालकाचं, फार्म.

उमैरभाई तिकडे रियाधच्या अल सुलै भागात एका गोडाऊनमध्ये मेकॅनिक. त्याचा मेव्हणा शारीकभाई तिथेच इलेक्ट्रिशियन. मेव्हणा म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा, आमच्या उमामा आपाचा नवरा. दोघं एकाच खोलीत राहायचे. आणि शारीकभाईची फ्लाइट होती पुढच्या बुधवारी. दोन वर्षांनी घरी. मुलगी झाली होती त्याला, मेहेक, दीड वर्षाची. फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेली.

आपाने उमैरभाईला फोनवर बजावलं होतं, "त्याला विमानात बसवलंस की मला कळव. तोपर्यंत मला झोप नाही."

"बसवतो गो आपा. हाताला धरून बसवतो," हा म्हणाला होता.

त्या दिवशी फार्मवरचा पाण्याचा पंप बिघडला म्हणून दोघं गेले. गाडी घेऊन जगदीश होता. गोडाऊनचा फोर्कलिफ्टवाला, चिपळूणचा. तोंडाला कुलूप नाही त्याच्या.

पंप अर्ध्या तासात चालू झाला. तेवढ्यात कफीलचा मुलगा आला. वयाने यांच्याएवढाच, मोकळा पोरगा, हिंदी पिक्चर बघून हिंदी शिकलेला. त्याच्या हातात धनुष्य. आपल्या रामलीलेतलं नाही हां. चाकं, तारा, दुर्बीण लावलेलं, मशीनच ते.

फार्मवर हरणं पाळलेली होती. चारी बाजूंनी दोन माणसं उंच जाळी. आत बाभळी आणि मधून एक कोरडा ओढा. त्यात एक म्हातारा नर पिसाळल्यासारखा करत होता, पिल्लांना शिंगं मारत होता. आज त्याला काढायचा, असं ठरलेलं.

"चला, बघायला," तो म्हणाला.

"आणि खायला," जगदीश म्हणाला. "काय दाजी, मसाला आणलात का म्हसळ्याचा?"

शारीकभाई हसला. "मसाला नाही. सुरी आहे."

सुरी खरंच होती. गावाला बकरी ईदला आख्ख्या मोहल्ल्याची कुर्बानी तोच करायचा. हात इतका साफ, की जनावराला कळायचंही नाही, लोक म्हणायचे.

चौघं एका बाभळीमागे बसले.

हरीण समोर आलं. थांबलं. मान वळवली.

बाण सुटला तो कुणाला दिसलाच नाही. आवाज तेवढा आला.

टप्प!

भरलेल्या पोत्यावर थाप मारावी, तसा. पोकळ.

हरणाने मागच्या लाथा झाडल्या आणि ते पळालं. तोंडातून आवाज नाही. एकदम मुकं. झाडोऱ्यात शिरलं आणि गेलं.

"फुफ्फुस!" कफीलचा मुलगा खूश झाला. मग हळूच समजावून सांगायला लागला. हाडावर लागला तर काठी मोडल्यासारखा आवाज येतो. पोटात लागला तर ओल्या कपड्यावर मारल्यासारखा. आणि असा पोकळ आला, म्हणजे फुफ्फुस. असं हरीण ओरडत नाही. ओरडणार कसं? आत हवाच राहत नाही. गुपचूप जाऊन पडतं. "आता अर्धा तास बसायचं. मागे लागलो तर ते पळत सुटेल. बसलो तर जवळच मिळेल. सब्र."

शारीकभाईने विचारलं, "बाण सोडताना बिस्मिल्ला म्हटलंत ना?"

त्या पोराने कपाळावर हात मारून घेतला. "वल्ला... विसरलो."

"मग बसून कसं चालेल?" शारीकभाई उभाच राहिला. "जीव आहे तोवर सुरी फिरली पाहिजे. नाहीतर हराम. सगळं टाकून द्यावं लागेल."

"शारीकभाई, बस ना," उमैरभाई म्हणाला. "टाकू दे त्यांना टाकायचं तर. आपल्या बापाचं काय जातंय?"

"अरे, एक जीव फुकट जातोय."

आणि तेवढ्यात...

ओढ्याच्या बाजूने आवाज आला.

बकरीसारखा, पण घोगरा. लांबलचक. थांबून परत.

शारीकभाईचा चेहरा उजळला. "जिवंत आहे! आलोच दहा मिनिटांत."

आणि गेला पळत.

उमैरभाई उठत होता, तर कफीलच्या मुलाने त्याचा दंड पकडला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"हे ओरडायला नको होतं," तो म्हणाला.

"पोटात लागला असेल बाण," जगदीश म्हणाला. "तुमचा नेम चुकला शेठ, मान्य करा."

कफीलचा मुलगा चालत पुढे गेला आणि वाळूतून बाण उचलून आणला. बाण आरपार निघून पलीकडे पडला होता. त्यावरचं रक्त त्याने दाखवलं.

गुलाबी. आणि त्यात बारीक बारीक बुडबुडे. साबणाच्या फेसासारखे.

"फुफ्फुसच आहे."

तिकडे हरीण ओरडतच होतं...

मग शारीकभाईचा आवाज आला. खणखणीत.

"बिस्मिल्ला, अल्लाहू अकबर!"

ओरडणं थांबलं.

"हां! झालं काम," जगदीश म्हणाला. "चला, उचलायला आपणच लागणार. तोंडं काय बघताय?"

उमैरभाईलाही हायसं वाटलं. तिघं उठले. चार पावलं चालले असतील.

आणि परत...

तोच आवाज. जरा लांबून.

मग शारीकभाई. "बिस्मिल्ला, अल्लाहू अकबर!"

शांत.

परत ओरडणं. आणखी लांब.

"सुरी बोथट आहे काय रे दाजीची?" जगदीश म्हणाला, पण कुणी हसलं नाही. तो स्वतःपण नाही.

रक्ताचा माग स्पष्ट होता. थेंब, मग शिंतोडे, मग बाभळीच्या बुंध्यावर हातभर पट्टा. त्याच्या बाजूने शारीकभाईच्या बुटांचे ठसे. झाडोऱ्याला वळसा घातला आणि कफीलचा मुलगा जागीच थांबला.

हरीण समोर पडलं होतं.

तेच. एक शिंग टोकाला तुटलेलं, तेच. डोळे उघडे, डोळ्यांवर वाळू बसलेली. जीभ बाहेर. कधीच मेलेलं. गळ्यावर साधा ओरखडा नाही.

शारीकभाईचे ठसे त्याच्या पायाला चिकटून पुढे गेले होते. म्हणजे एवढं धूड मध्ये पडलंय, आणि त्याला दिसलंच नाही?

आणि तेवढ्यात ओढ्यातून...

बें... एं...

"हरीण इथे आहे," उमैरभाई म्हणाला. "मग ओरडतंय कोण?"

"दुसरं असेल," जगदीश कुजबुजला. "शेठ, दुसरं असेल ना?"

कफीलच्या मुलाने नकारार्थी मान हलवली. दुपारीच त्याने बाकीची सगळी हरणं पलीकडच्या कुंपणात घातली होती. आत हा एकच होता.

उमैरभाई पळाला. "शारीकभाई! सोड ते! परत फिर!"

फक्त लांबून बिस्मिल्ला, आणि मग ते ओरडणं. परत बिस्मिल्ला. परत ओरडणं.

ओढ्यात मऊ रेती होती. ठसे छापल्यासारखे उठलेले. एका जागी गुडघे टेकल्याच्या दोन खुणा, समोर हात दाबल्याची खूण. जनावराची मान धरून बसावं तशी. आणि मध्ये रक्ताचं थारोळं.

पण खुराचा ठसा एकही नाही.

ना येताना, ना जाताना. सगळ्या ओढ्यात फक्त शारीकभाईच्या बुटांचे ठसे.

पुढे परत गुडघे. परत रक्त.

आणि पुढे परत...

आता त्या बुटांच्या ठशांच्या बाजूने थेंब पडत गेले होते. आधी सुटे, मग लागोपाठ. उमैरभाईने खाली वाकून बघितलं.

गुलाबी होते.

बुडबुडे होते त्यात.

त्याने मला हे सांगितलं ना, तेव्हा त्याने दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली. नकळत. जसं अजून काहीतरी लागलंय बोटांना.

तो किंचाळला, "शारीकभाई!"

ओढ्याच्या वळणापलीकडून उत्तर आलं. तेच शब्द. पण खणखणीत नाही. कुणी पाण्यात तोंड बुडवून बोलतंय तसे. प्रत्येक अक्षराला आत काहीतरी बुडबुडत होतं.

"बिस्... मिल्ला..."

पुढचं आलंच नाही. हवा पुरली नाही.

वळण ओलांडलं तर समोर जाळी. दोन माणसं उंच, कुठे फाटलेली नाही, वाकलेली नाही. ठसे जाळीपर्यंत गेलेले. शेवटचे दोन ठसे शेजारी शेजारी, जाळीकडे तोंड करून. नमाजला उभं राहावं तसे.

आणि बस. पुढे काही नाही. जाळीपलीकडे वाळू कोरी, वाऱ्याच्या रेघांसकट.

जगदीशने दोन्ही हातांनी जाळी हलवून बघितली.

मग आवाज आला... मागून. जिथून हे आले होते तिथून. एकदाच. बकरीसारखा, आणि मध्येच चिरल्यासारखा तुटला.

तिघं धावत मागे आले.

हरीण होतं तिथेच होतं.

पण आता त्याचं तोंड किबल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवलेलं होतं. आणि गळा चिरलेला. एका हातात, एका ओढीत. साफ. उमैरभाईने तो हात ओळखला. बकरी ईदला लहानपणापासून बघितलेला.

रक्त एक थेंब आलं नव्हतं. मेलेल्या जनावराचं कुठून येणार?

शेजारी सुरी पडली होती. पुसलेली.

आणि आजूबाजूला नवीन ठसा एकसुद्धा नाही. सगळे मघाचेच.

पोलीस आले. कुत्री आणली, वरून ड्रोन फिरवले. कफील स्वतः तीन दिवस उन्हात उभा होता, रडला तो. कुत्री ओढ्यातल्या पहिल्या गुडघ्याच्या खुणेपर्यंत जायची आणि बसकण मारायची. ओढलं तरी पुढे यायची नाहीत.

बुधवारी विमान गेलं. शारीकभाईची सीट रिकामी.

मग कागद पुढे सरकले. माणूस कामावर नाही, देश सोडल्याची नोंद नाही, मयत नाही. मग सिस्टीममध्ये एकच शब्द उरतो. हुरूब. पळून गेलेला. आता तिकडच्या कंप्युटरमध्ये शारीकभाई पळपुटा आहे.

इकडे जनाज्याची नमाज नाही, नवरा गेल्यावर बाईने पाळायची इद्दत नाही. मौलवीसाहेब म्हणाले, मय्यत नाही, साक्षीदार नाही, मग बाईने थांबायचं. किती थांबायचं, ते पुढे बघू.

उमैरभाई सुट्टीवर आला तो मे महिन्यात. आमच्याकडे बसला होता. हे सगळं नुकतंच मला सांगून झालं होतं, आणि दारात उमामा आपा. कडेवर मेहेक.

आपा सव्वीस वर्षांची आहे. मामूंनी तिच्यासाठी महाडचं एक स्थळ आणलं होतं, चांगला माणूस, मुलीला सांभाळायला तयार. पण त्यासाठी कुणीतरी खात्रीने सांगायला हवं होतं, शारीक गेला म्हणून. आणि सांगू शकणारा एकच होता.

आपाने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या विचारलं.

"उमैर, त्याचा शेवटचा आवाज तू ऐकलास ना?"

"हो आपा."

"कसा होता?"

उमैरभाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"नेहमीसारखा," तो म्हणाला. "खणखणीत."

"दम लागला होता?"

"नाही गो."

आपाने डोळे मिटले. मग मेहेकला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मग येईल तो."

त्याच संध्याकाळी तिने मामूंना फोन करून महाडवाल्यांना नाही कळवायला सांगितलं.

उमैरभाई रात्री दोनदा उठून तिच्या दारापर्यंत गेला. दोनदा परत आला. आठवड्याने तो रियाधला निघून गेला, आणि शारीकभाईबरोबरची ती खोली सोडून जगदीशकडे राहायला गेला. फोन केला की कामाचं बोलतो.

आपा इथेच आहे. मला जवळजवळ रोज दिसते. मला बघितलं की थांबते, आणि सहज विचारते, "तुला उमैरने अजून काही सांगितलंय का रे?"

मी नाही म्हणतो.

ती एक क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहते... मग जाते.