बल्लारपूरचा पत्ता

गुडघ्यापर्यंत लाल धूळ घेऊन तो आमच्या बल्लारपूरच्या ऑफिसात घुसला.

"बाहेर झटक ना! इथी तुहा बाप पुसते का?" मी खेकसली.

"बाप नाई... मीच पुसतो, मॅडम." आन् खरंच गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसाले बसला!

मॅडम म्हणे मले. दहावी सोडून सीए साहेबाकडं टायपिंग करणारीले.

पवन त्याचं नाव. हेमलकशाच्या पल्याड, जंगलातलं गाव. मागच्या पुरात त्याची बहीण ललिता कळा देता देता नाल्याच्या काठावरच गेली. पार न्याले डोंगा नव्हता. आता देणगीवाले मोटरचा डोंगा देत होते. पण आधी बिननफ्याची कंपनी काढा, सरकारचं लायसन आणा.

काम अडलं पत्त्यावर. कंपनीच्या ऑफिसचं लाईट बिल पाहिजे. गावात सारं सोलर... बिल कुठून येईन?

"अब्बूच्या शिलाई दुकानाचं टाकू," मी म्हणलं. "सारे कागद इथीच येतीन."

"मंग मले येतच रावं लागन..."

"कोणावर उपकार करून राह्यला का?"

हसला तो. माहे कान तापले.

पुढच्या खेपेले आला, तं तोंड उतरलेलं. त्यांच्यात सारं गाव हो म्हणत नाई तवर काही ठरत नाई. आन् त्याची मायच, नीलाबाई, सभेत उठली होती — "पोरगी इथी मेली. पत्ता इथलाच पाहिजे."

"सपलं," पवन म्हणे. "दुसरा रस्ता नाई ना?"

होता. मी चूप राह्यली असती, तं तो चकरा मारतच राह्यला असता...

"मायच्या नावानं गॅस आहे?" मी चिडूनच इचारलं.

"आहे. कोपऱ्यात. माय चूलच पेटवते."

"एक सिलेंडर भर. ताजी पावती आण. पत्त्याले चालते ते."

पावती आली, अर्ज गेला.

"आता लायसन मोबाईलवर येईन. तुहं इथी काम नाई."

"बिनकामाचा येऊ?"

"डोंगा कोण चालवन मंग?"

दारापर्यंत गेला, वळला. "सायमा... तू मले लई आवडते."

"माहीत आहे," मी म्हणलं. "जा. बस सुटन."

श्रावणात फोटो आला. डोंग्यात गावची एक बाळंतीण, मांडीवर तान्ही पोरगी, मागं तो... वाळलेला. खाली लिहिलं होतं — 'दोघीबी बऱ्या.'

'आन् मी?' असं टाईप केलं... मंग एक एक अक्षर खोडलं.