कवचाच्या आत

दुरुस्त केलेला कोट पोचवायला शिंपीण चष्म्याच्या दुकानात गेली आणि तिथेच अडकली.

आतल्या खोलीत टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर फासे. टोकाला चष्मेवाल्याची आत्या. गोष्ट रचत खेळायचा खेळ; त्यातले राक्षस, नद्या, वादळं सगळी तिच्या जिभेवर. शेजारी बेकरीवाला, तो खेळात चोर.

"एक माणूस कमी पडतोय. बस गं पोरी," आत्या म्हणाली. "तू जादूगारीण. मंत्र एकच, कवच. त्यातून ना बाण जात, ना पाणी, ना आवाज. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही."

"आणि तुम्ही कोण?" तिने चष्मेवाल्याला विचारलं.

"योद्धा," कोट चढवत तो म्हणाला. "म्हणजे मार खाणारा."

"तरीच बाही उसवली होती!"

तो हसला... आणि दर रविवारी यायचं तिने तिथेच ठरवून टाकलं.

कापड उलटसुलट करून बघायची सवय तिला. नदी आडवी आली, तिने कवच उलटं करून त्याची होडी केली. झोपलेल्या राक्षसाजवळ कुत्रं भुंकू लागलं, तर कवच कुत्र्यावरच घातलं. बिचारं आत जीव तोडून भुंकतंय, बाहेर सगळं शांत! आत्याने कपाळाला हात लावला. चष्मेवाला बघतच राहिला. तिची नजर वळली की मात्र चष्मा पुसायला लागायचा. कोटाचं एक बटण तेवढं दर आठवड्याला तुटायचं.

मग तिला दूरच्या शहरातून बोलावणं आलं, शिवणशाळेत शिकवायला. तिला जायचंच होतं. तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "छान... छान झालं." एवढंच. त्याच्या एका शब्दावाचूनच निघायचं की काय?

शेवटच्या रविवारी खेळात राक्षस दारात उभा. सगळे घायाळ.

"काय करतेस?" आत्याने विचारलं.

"कवच. माझ्यावर आणि योद्ध्यावर."

"आणि मी?" बेकरीवाला ओरडला. "मला राक्षसाच्या तोंडी देतेस?"

"चोर ना तुम्ही? पळा!"

"आत बसून करणार काय?" आत्या म्हणाली.

"बोलणार. बाहेर ऐकू जात नाही ना?"

आत्याने भाच्याच्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं. "नियम म्हणजे नियम," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "कान झाक रे." दोघांनी कानांवर हात घट्ट दाबले. बेकरीवाल्याने डोळेही मिटले.

चष्मेवाल्याने चष्मा काढला. "आता तुम्ही धूसर दिसता... म्हणजे बोलता येईल. ते बटण — मीच तोडायचो."

"माहीत आहे. कात्रीने कापलेला दोरा मला कळतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्ही निघालात. अडवणारा मी कोण?"

"अडवा कोण म्हणतंय? विचारायचं तरी!"

त्याने फासा उगाच हातात फिरवला. "तिथल्या लोकांना... चष्मे लागत असतील ना?"

"शाळाभर सुयांत दोरे ओवायचेत. लागणारच."  तिने चष्मा उचलून हलकेच त्याच्या नाकावर ठेवला. "आता बघ. नीट बघ."

"उतरलं का गं कवच?" आत्याने हाक मारली.

तो उत्तर द्यायला वळला, तसं तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. कवचाच्या आत बाहेरचं काही ऐकू येत नाही. नियम म्हणजे नियम.